फुटलेल्या मडक्याचा हिशेब

मंडळी, बाजारात मडके घेताना आपण ते बोटाने वाजवून बघतो. खणखणीत वाजले तर घेतो, बद्द वाजले तर बाजूला ठेवतो. पण ते चांगले मडके आपल्या हाती येईपर्यंत किती मडकी फुटली, याचा विचार आपण करतो का? आज तोच करू.

कुंभार तळ्यातली माती आणतो. ती चाळतो, भिजवतो. तीत राख आणि घोड्याची लीद घालून पायांनी तुडवतो. मग चाकावर मडके घडवतो, थापीने ठोकून सारखे करतो आणि सावलीत वाळवतो. शेवटी आवा रचून पेटवतो. आवा म्हणजे मडकी भाजायची भट्टी.

एवढे केले तरी आव्यात काही मडकी फुटतातच. का बरे? मडक्याच्या अंगात ओल राहिली, तर तिची वाफ होते. वाफेला वाट मिळाली नाही, की ती मडके फोडून बाहेर पडते. मातीत चुनखडीचा खडा राहिला, तर भाजून त्याचा चुना होतो. पुढे तो ओल पिऊन फुगतो आणि टवका उडतो. एका बाजूला जाळ जास्त लागला, तरी तडा जातो.

माती नीट चाळणे, माल पुरता वाळू देणे कुंभाराच्या हातात आहे. वारा आणि अवकाळी पाऊस त्याच्या हातात नाही. म्हणून हातातले काम तो चोख करतो. बाकीची तूट आधीच धरून चार मडकी जास्त घडवतो.

मडके फुटले की त्यामागची मेहनत जाते. हे दुःख खोटे नाही. आम्ही एका वयस्क कुंभारदादांना विचारले, "दादा, जीव खट्टू होत नाही?" ते म्हणाले, "व्हतो की गुरुजी! पण आवा म्हटला की फूट आलीच. फूट नको तर चाकच सोडावं लागंल. अन् चाकाबिगर मला करमत न्हाई."

फुटलेलेही वाया जात नाही. कच्चे मडके मोडले, तर माती भिजवून पुन्हा चाकावर येते. भाजलेल्याच्या खापऱ्या पुढच्या आव्यावर झाकतात. त्यामुळे आतली धग टिकते. कालच्या फुटक्या मडक्यांनी आजची मडकी भाजतात!

धाराशिव जिल्ह्यातले तेर हे संत गोरा कुंभारांचे गाव. तेथे उत्खननात सुमारे २००० वर्षांपूर्वीची भांडी आणि खापरे सापडली आहेत. म्हणजे तेव्हाही मडकी फुटत होती आणि चाक फिरत होते.

तुम्हांला ढोलकीचा नाद असेल, कलमे लावायची हौस असेल, नाहीतर वाचायची गोडी लागली असेल. ताल चुकेल, कलम जळेल, जोडाक्षर अडेल. कारण शोधा, सुधारता येईल ते सुधारा, आणि पुन्हा कामाला लागा. आवडीच्या कामात एवढी फूट धरूनच चालावे.

सांगा पाहू :
१. आव्यात मडकी का फुटतात?
२. खापऱ्यांचा उपयोग काय?
३. तुमच्या आवडीच्या कामात कोणती फूट होते? त्यातले तुमच्या हातात काय आहे?