किल्ल्यासारखे चर्च

किल्ला कसा असतो हे तुम्हांला ठाऊक आहे. उंच जागा, जाड भिंती आणि टेहळणीचे बुरूज. शत्रू आला की लोक किल्ल्यात आसरा घेत. पण प्रार्थनेच्या जागेलाच किल्ल्याचे रूप दिलेले तुम्ही पाहिले आहे का? फिलिपाइन्स देशातील पनाय बेटावर, समुद्रकाठच्या मियागाओ गावात असे एक चर्च आहे. आज आपण त्याची माहिती घेऊ.

फिलिपाइन्स हा हजारो बेटांचा देश आहे. इ. स. १५६५ पासून स्पेनने तेथे आपली सत्ता बसवली. १५७१ मध्ये स्पॅनिशांनी मनिला घेतले. तेव्हा तेथे राजा सुलेमान हा मुस्लिम राजा होता. पुढे उत्तरेकडील व मधल्या बेटांवरील बहुतेक लोक ख्रिस्ती झाले. दक्षिणेकडील मुस्लिम सुलतानांनी मात्र स्पेनपुढे मान तुकवली नाही. स्पॅनिश लोक मायदेशी मुसलमानांना ‘मोरो’ म्हणत. तेच नाव त्यांनी या लोकांनाही दिले.

मग सुमारे तीनशे वर्षे संघर्ष चालला. स्पॅनिश फौजा दक्षिणेवर चालून जात व गावे जाळत. दक्षिणेकडूनही वेगवान नावा येत. त्यांतील लोक किनाऱ्यावरची गावे लुटत आणि माणसांना धरून नेऊन गुलाम करत. मियागाओचे आधीचे चर्च अशाच एका हल्ल्यात नष्ट झाले.

म्हणून गावकऱ्यांनी नवे चर्च उंच जागी बांधले. १७८७ मध्ये सुरू झालेले काम १७९७ मध्ये पूर्ण झाले. भिंती सुमारे दीड मीटर जाड आहेत. त्यांना बाहेरून टेकू देणारे दगडी आधार तर याहूनही जाड आहेत. समोर दोन बाजूंना दोन भक्कम मनोरे आहेत. गंमत अशी, की त्यांची उंची सारखी नाही! मनोऱ्यांत घंटा होत्या आणि तेथूनच समुद्रावर नजरही ठेवता येई.

हे सारे बांधले कोणी? स्पॅनिश धर्मगुरूंनी देखरेख केली, पण दगड वाहिले ते गावच्या माणसांनी. त्या काळी प्रौढ पुरुषांना वर्षातून ४० दिवस सरकारसाठी सक्तीने राबावे लागे. त्या घामाची नोंद भिंतीवर कोठेच नाही.

पण नीट पाहा, कारागिरांनी आपली खूण मागे ठेवली आहे. दर्शनी भिंतीवर संत ख्रिस्तोफरचे शिल्प आहे. तो बाळ येशूला पाठीवर घेऊन चालला आहे. त्याचा पोशाख तेथल्या गावकऱ्याचा आहे आणि आधारासाठी त्याने चक्क नारळाचे झाड धरले आहे! बाजूला पपई आणि पेरूची झाडे आहेत. धर्म दूर देशाहून आला, पण झाडे कोरली ती कारागिरांच्या परसातली.

पुढे १८९८ मध्ये स्पेनची सत्ता संपली. १९४८ च्या मोठ्या भूकंपात पनाय बेटावरची अनेक जुनी चर्चे पडली, पण मियागाओचे चर्च उभे राहिले. १९९३ मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक वारशाच्या यादीत स्थान दिले. आणि ‘मोरो’ हे परक्यांनी दिलेले नाव? दक्षिणेतील मुस्लिम आज ते अभिमानाने मिरवतात. २०१९ मध्ये स्थापन झालेल्या त्यांच्या स्वायत्त प्रदेशाचे नावच ‘बांगसामोरो’ आहे.

मुलांनो, हा इतिहास वाचताना ‘आपले कोण आणि परके कोण’ असा प्रश्न मनात येईल. त्याआधी दुसरा प्रश्न विचारा : यात सोसले कोणी? नावेत बांधून नेलेला मियागाओचा कोळी आणि घर जळालेली दक्षिणेची आई, या दोघांचे दुःख सारखेच होते. जाड भिंत पाहिली की तिच्या अलीकडची भीतीही आठवा आणि पलीकडचीही. इतिहास असा दोन्ही बाजूंनी वाचावा.

स्वाध्याय
१. मियागाओचे चर्च उंच जागी का बांधले?
२. कारागिरांनी भिंतीवर कोणती झाडे कोरली?
३. तुमच्या गावातील एखाद्या जुन्या इमारतीविषयी पाच वाक्ये लिहा. ती बांधताना कोण राबले असेल, याचाही विचार करा.