चि. मंदारला, ओल आलेल्या भिंतीविषयी



नंदाच्या जाऊबाई तुमच्याच सोसायटीत, बी विंगला राहतात, हे तू विसरलास वाटतं. परवा हळदीकुंकवाला त्या भेटल्या आणि चारचौघींत म्हणाल्या, की खालच्या फळ्यावर थकबाकीदारांची यादी लागली आहे आणि तिच्यात पहिलं नाव तुझं आहे. सात महिन्यांचा मेंटेनन्स! आत्याच्या हातातला तिळगूळ हातातच राहिला.

कारण म्हणे, बेडरूमच्या भिंतीला ओल येते आणि सेक्रेटरी दाद देत नाहीत. म्हणून पैसे बंद.

हे आपल्या घरातलं वागणं नव्हे. गिरगावच्या चाळीत पगाराच्या दिवशी आजोबा आधी सामाईक वर्गणी कोनाड्यात काढून ठेवायचे, मग किराण्याची यादी व्हायची. राव बहादूर तल्मकींचं नाव ते नेहमी घेत. भाड्याच्या घरांनी मेटाकुटीला आलेल्या आपल्या माणसांना एकत्र करून तल्मकींनी १९१५ साली गावदेवीत सारस्वत को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी उभी केली. आजोबांना त्याचं फार अप्रूप होतं. आणि एवढ्या मागे कशाला जायचं, सोलापूरजवळचं कुंभारी बघ. हजार विड्या वळल्या की मजुरी मिळते, अशा बायकांनी नरसय्या आडम यांच्या पुढाकाराने गोदूताई परुळेकरांच्या नावाची सहकारी संस्था काढली. केंद्राचा वाटा, राज्याचा वाटा आणि त्यांचा स्वतःचा वाटा, असं करत २००६ पर्यंत तिथे दहा हजार घरं झाली. विडी वळणारी बाई आपला वाटा भरते, आणि आमचा इंजिनिअर थकबाकीदार!

तुझी तक्रार खोटी आहे असं आत्याचं मुळीच म्हणणं नाही. २०१४ च्या आदर्श उपविधींप्रमाणे पावसाचं पाणी झिरपत असेल किंवा बाहेरच्या सामाईक पाइपातून गळत असेल, तर दुरुस्ती सोसायटीने आपल्या खर्चाने करायची. वरच्या घरातल्या मोरीतून, संडासातून, सिंकखालून येत असेल तर खर्च त्या सभासदाचा. तेव्हा आधी भिंत बघ. दिवाळीनंतर ती वाळली असेल तर ओल पावसाची. आता, ऐन जानेवारीतही हाताला गार आणि ओलसर लागत असेल तर वरच्या घरात नळ कुठे गळतो ते बघायला हवं. फोटो काढ, तारीख घाल, लेखी अर्ज दे आणि पोच घे. सर्वसाधारण सभेत उभा राहा आणि आपलं म्हणणं इतिवृत्तात लिहून घ्यायला लाव. तिथेही भागलं नाही तर उपनिबंधकांचं कार्यालय आहे, सहकार न्यायालय आहे.

पण मेंटेनन्स भर. त्याच उपविधींप्रमाणे बिल आल्यापासून तीन महिने पैसे न भरणारा थकबाकीदार ठरतो, त्याला कमिटीवर जाता येत नाही आणि दरसाल २१ टक्क्यांपर्यंत व्याज लागू शकतं. वसुलीचा दाखला निघाला तर जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली होते. बरं, सात महिने ज्याने छदाम दिला नाही, त्याच्या ओलीसाठी पैसे काढा असं सभेत म्हणणार तरी कोण?

व्याज फिटेल रे. पण लिफ्टमध्ये शेजाऱ्यांनी तोंड फिरवायला सुरुवात केली, की ते पुन्हा वळवणं कठीण. त्यातच तुझी चिऊ लहान आहे.

एक गोष्ट तुझ्या बाबांनाही माहीत नाही. १९९४ साली आत्याच्या डोंबिवलीच्या सोसायटीने गच्चीच्या वॉटरप्रूफिंगसाठी घरटी वर्गणी मागितली होती. आत्या पहिल्या मजल्यावर. ती भर सभेत म्हणाली, 'गच्चीशी आमचा काय संबंध?' तिचं ऐकून आणखी तीन घरांनी हात आखडले आणि काम मागे पडलं. दोन पावसाळ्यांनी, भर श्रावणात, चौथ्या मजल्यावरच्या काकूंच्या स्वयंपाकघरातलं प्लॅस्टर देव्हाऱ्यावर कोसळलं. काकू तेव्हा बाहेर वाती वळत बसल्या होत्या म्हणून बचावल्या. आत्या वर गेली तेव्हा त्या खाली बसून एकेक देव पदराने पुसत होत्या. चुना हळदीकुंकवाच्या करंड्यातसुद्धा गेला होता. त्या काहीच बोलल्या नाहीत. आत्यालाही शब्द फुटला नाही.

या त्याच काकू, ज्यांनी तुला गोवर आला तेव्हा दोन रात्री तुझ्या उशाशी जागून काढल्या. तुझी आई तेव्हा बाळंतपणाला गेली होती. पुढच्या वर्षी त्या मुलाकडे कायमच्या निघून गेल्या. स्टेशनवर पोचवायला सगळी बिल्डिंग गेली होती. आत्या घरी बसून राहिली.

फार बोलले गेले, मनाला लावून घेऊ नकोस. तू भिंतीसाठी भांडतोयस ते चिऊसाठी, हे कळतं. मागच्या वेळी तिचा पलंग त्याच भिंतीला टेकलेला होता. तो आजच हलव, रात्री तिला खोकला येतो म्हणून सूनबाई फोनवर सांगत होती.

मेंटेनन्सचा चेक लिहून ठेव. पैशांची ओढाताण असेल तर आत्याला सांग, सात महिन्यांचे ती भरेल, नंदाच्या जाऊबाईंना कळणारही नाही. रविवारी सकाळच्या लोकलने ती येतेच आहे. चेक द्यायला सेक्रेटरींकडे दोघं मिळून जाऊ. येताना चिऊसाठी आल्याच्या वड्या आणते आणि तुझ्यासाठी कुळथाचं पीठ. स्टेशनवर घ्यायला येऊ नकोस, झोप काढ.

तुझी,
सुमाआत्या