भीड भिकेची बहीण

दादाने वर्कशॉपच्या किल्ल्या तुझ्या हाती दिल्या, बरं झालं. उद्यमनगरात आपल्यासारखी लेथ-मिलिंगची शॉप गल्लोगल्ली आहेत. रात्री कुणी शटर तोडून आत आलंच, तर त्याच्या हाती लागणार काय? भंगार आणि चार टूल. खरा माल कॉम्प्युटरात आहे. पार्टीची ड्रॉइंग, आपले जॉबवर्कचे दर, येणं-देणं, बँकेचे कागद. इतकी वर्षं हिशेब बघितला त्यावरून सांगते, हा माल कुणी येऊन चोरण्यापेक्षा आपणच भिडेपोटी देऊन टाकतो. भीड भिकेची बहीण, ते काय उगाच म्हणत नाहीत.

झेरॉक्सच्या दुकानातच बघ. ‘व्हॉट्सॲप वेब उघडा की साहेब’ म्हटलं की आपण उघडतो, पॅन, आधार, लाइट बिल, रद्द केलेला चेक असा अख्खा संच तिथे उतरवतो, प्रिंट घेऊन चालायला लागतो. फाइली डाउनलोडमध्ये पडून, व्हॉट्सॲपही चालूच. अशा संचावर दुसऱ्याच्या नावाने बोगस फर्म काढून जीएसटी नंबर घेणारे लोक आहेत. प्रिंटर आपलाच घे. शिक्का आणि सहीइतकाच तो गरजेचा आहे. आधार द्यायची वेळ आली तर शेवटचे ४ आकडेच दिसतात ती मास्क्ड प्रत दे. झेरॉक्सवर कशासाठी, कुणाला आणि तारीख, हे मजकुरावरूनच आडवं लिही. कोपऱ्यात लिहिलेलं कापून टाकता येतं.

कर सल्लागाराची भीड तर सगळ्यांत मोठी. जीएसटीच्या नोंदणीत मोबाइल नंबर आणि ईमेल कुणाचा आहे, ते आजच बघ. पुष्कळ ठिकाणी तो सल्लागाराच्या ऑफिसातल्या पोराचा निघतो, आणि सल्लागार बदलला तरी ओटीपी त्याच पोराला जात राहतो. टेंडरसाठी घेतलेलं डिजिटल सहीचं टोकनही त्यांच्याच ड्रॉवरमध्ये, वर पिनची चिठ्ठी चिकटवलेली. अरे, माहिती तंत्रज्ञान कायदा २००० प्रमाणे ती सही आहे. कोऱ्या चेकवर सही करून कुणाकडे ठेवशील का? माणूस भला असला तरी टोकन घरी आण.

ड्रॉइंगचं मात्र नीट ऐक. शिरोलीच्या पार्टीने पाठवलेली पीडीएफ आपण टर्नरच्या मोबाइलवर ढकलतो. त्याच्याकडून ती शेजारच्या शॉपच्या ग्रुपवर जाते, कारण ‘हा बोअर कसा मारायचा’ हे त्याला विचारायचं असतं. त्यात त्याची लबाडी नसते. पण त्या कागदाच्या खालच्या कोपऱ्यात, टायटल ब्लॉकपाशी, हे ड्रॉइंग कंपनीच्या मालकीचं आहे असं बारीक अक्षरात छापलेलं असतं. ते कुणी वाचत नाही, ऑर्डर तुटली की वाचतात. मशीनवर छापील प्रत दे, तिच्यावर नंबर टाक, वहीत सही घे, जॉब संपला की परत घे. याने आणखी एक काम होतं. पार्टीने रिव्हिजन बदलली की जुनी प्रत मशीनवर राहत नाही, ‘बी’च्या ऐवजी ‘ए’वर जॉब निघून लॉट रिजेक्ट होत नाही. डेटा वाचला नाही तरी एवढ्यासाठी ही वही ठेव.

जुन्या पुरवठादाराच्या नावाने मेल येतो, ‘आमचं बँक खातं बदललंय, यापुढे नवीन खात्यात पैसे भरा’. लेटरहेड तेच, बिल नंबरही बरोबर, कारण त्यांचा किंवा आपला मेल कुणीतरी आधीच वाचत बसलेलं असतं. मेलमधल्या नंबरवर फोन करायचा नाही. जुन्या बिलावरचा नंबर काढायचा आणि ओळखीच्या माणसाशी बोलायचं. ‘अर्जंट आहे’ म्हणाले तर दोनदा बोलायचं. आता एनईएफटी-आरटीजीएस करताना खातेदाराचं नाव बघता येतं, ते बघून मगच पुढे जा.

बॅकअपबद्दल सगळे सांगतात, म्हणून थोडक्यात. हार्ड डिस्क कॉम्प्युटरला कायम लावून ठेवलीस तर तो बॅकअप नव्हे. फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस आला की लावलेली डिस्कही त्यात जाते. दोन डिस्क आलटून पालटून वापर, एक घरी. महिन्यातून एकदा टॅलीचा बॅकअप वेगळ्या फोल्डरमध्ये उघडून शेवटचं बिल जुळतंय का ते बघ. वेगळ्याच हं, चालू डेटावर उघडलास तर चालू डेटाच पुसशील. आणि कॉम्प्युटर अपडेट मागतो तेव्हा ‘नंतर’ दाबू नकोस. २०१७च्या मे महिन्यात वॉनाक्राय नावाचा असाच खंडणीचा व्हायरस जगभर पसरला, त्याच्यावरचा इलाज मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिला होता. आपल्या ऑफिसातल्या विंडोज १०चा नेहमीचा आधारही १४ ऑक्टोबर २०२५ला संपलाय. दादाला खर्च सांगायचा असेल तर मी सांगते.

माणूस काम सोडून गेला की हिशेब चुकता करतोस, त्याच दिवशी पासवर्डही बदल. व्हॉट्सॲपमध्ये ‘लिंक्ड डिव्हाइसेस’ उघड, ओळखीचं नाही ते काढ. दुरून कॉम्प्युटर चालवायचं ॲप दुरुस्तीवाल्याने घालून ठेवलं असेल तर तेही काढ, पुन्हा लागलं की तो पुन्हा घालेल. त्याला राग येतो. येऊ दे.

एवढं करून पैसे गेलेच तर लाजून बसू नकोस. त्याच मिनिटाला सायबर फसवणुकीची हेल्पलाइन १९३० लाव, बँकेला कळव. गेलेला पैसा पुढच्या खात्यांतून फिरायच्या आत अडवता आला तरच काही हाती लागतं. कॉम्प्युटरवर हल्ला झाला असेल तर नेटची वायर काढ आणि फॉरमॅट मारू देऊ नकोस, पुरावा तिथेच असतो.

आणि टॅलीला व्हॉल्टचा पासवर्ड घातलास तर तो कागदावर लिहून, पाकीट चिकटवून बँकेच्या लॉकरमध्ये ठेव. विसरलास तर टॅलीवालेसुद्धा उघडून देऊ शकत नाहीत.