गावाचे आरोग्य आणि सरासरीचा आकडा

एखाद्या प्रदेशाचे आरोग्य कसे आहे हे जाणून घ्यावयाचे असल्यास प्रथम अर्भकमृत्यूचे प्रमाण पाहण्याची रीत आहे. दर हजार जन्मांमागे किती बालके वर्षाच्या आत दगावतात, या एका आकड्यात मातेचे पोषण, पिण्याचे पाणी, बाळंतपणाची सोय, घरची मिळकत आणि शिक्षण या सर्वांचा काही ना काही अंश उतरलेला असतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) गोव्यात हे प्रमाण ५.६ आढळले, त्याच वेळी संपूर्ण देशाचे प्रमाण ३५.२ होते. गोव्यातील जवळजवळ सर्व बाळंतपणे आता रुग्णालयात होतात. ही गोष्ट भूषणावह आहे, यात संशय नाही.

तथापि त्याच सर्वेक्षणाची पुढील पाने सहसा कोणी उलटीत नाही. तेथे असे दिसते की, गोव्यातील पाच वर्षांखालील बालकांपैकी सुमारे २६ टक्के बालकांची उंची वयाच्या मानाने कमी आहे, २४ टक्के बालकांचे वजन कमी आहे, आणि सहा महिन्यांवरील बालकांपैकी निम्म्याहून अधिक रक्तक्षयाने ग्रस्त आहेत. म्हणजे मूल वाचते, पण पुरेसे वाढत नाही. हे मूल कोणाचे, कोणत्या गावचे, कोणत्या वाड्यावरचे, याचे उत्तर मात्र या सर्वेक्षणात सापडत नाही. कारण ते जिल्ह्यापर्यंत उतरते आणि तेथेच थांबते.

डिचोली तालुक्यातील कारापूर गाव उदाहरणादाखल घेऊ. साखळीला लागून, वाळवंटी नदीच्या परिसरात वसलेला हा गाव विठ्ठलापूरच्या देवळामुळे सर्वांच्या परिचयाचा आहे. कारभार कारापूर-सर्वण ग्रामपंचायतीकडे. परंतु जनगणनेच्या दप्तरी कारापूर हे ‘गाव’ नाही, ‘शहर’ आहे. वस्ती पाच हजार किंवा त्याहून अधिक, दर चौरस किलोमीटरला किमान ४०० माणसे, आणि मुख्यत्वे काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान पाऊणशे टक्के शेतीबाहेरच्या कामावर, अशा तीन कसोट्यांना उतरलेल्या गावास जनगणनेपुरते शहर मानतात. २०११ च्या जनगणनेत गोव्यात अशी ५६ जनगणना-शहरे होती. नगरपालिका व महानगरपालिका असलेली शहरे अवघी १४. गोव्याची ६२ टक्के लोकसंख्या नागरी झाली असे आपण म्हणतो, तेव्हा त्यात कारापूरसारख्या, पंचायतीच्या हद्दीतील पुष्कळ घरांचा समावेश असतो. नागरी म्हणून मोजलेल्या घराला नगरपालिकेच्या सोयी मिळतातच असे नव्हे, आणि ग्रामीण म्हणून आखलेल्या योजनेत त्याचा हिशेब धरला जाईल याचीही खात्री नसते.

लोकसंख्येचा प्रवाहही ध्यानात घ्यावयास हवा. १९६१ मध्ये गोव्याची लोकसंख्या सुमारे ५ लाख ९० हजार होती. १९७१ मध्ये ती ७ लाख ९५ हजारांवर गेली. दहा वर्षांत जवळजवळ ३५ टक्के वाढ! नंतर हा वेग ओसरत गेला. २००१ ते २०११ या दशकात वाढ केवळ ८.२३ टक्के झाली आणि २०११ ची लोकसंख्या १४ लाख ५८ हजार ५४५ भरली. जन्म कमी झाले, आयुष्य लांबले. २०११ मध्येच साठी ओलांडलेली माणसे शंभरात अकरा होती. मुले नोकरीसाठी पणजीला, मुंबईला वा परदेशी, आणि घरी म्हातारी एकटी, हे चित्र आता डिचोली तालुक्यातही नवे राहिलेले नाही.

मग गावाचे जन्ममृत्यू पंचायतीच्या नोंदवहीत पाहावेत, असे कोणी सुचवील. येथे एक अडचण आहे आणि ती प्रत्येक शिक्षकाने व पंचाने नीट समजून घेण्याजोगी आहे. १९६९ च्या जन्ममृत्यू नोंदणी कायद्यानुसार घटना जेथे घडते तेथे तिची नोंद होते. कारापूरची माता म्हापशाच्या जिल्हा रुग्णालयात प्रसूत झाली तर जन्म म्हापशास नोंदला जातो. बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात झाली तर त्या हद्दीत. पूर्वी बाळंतपण घरी होत असे, तेव्हा जन्म गावच्या वहीत चढत असे. आता ते घरी होत नाही. पण वृद्ध माणूस पुष्कळदा घरीच डोळे मिटतो, आणि ती नोंद गावात राहते. परिणामी वही पाहणाऱ्याला वाटावे की या गावात माणसे मरतात फार आणि जन्मतात क्वचित. उलट तरुण माणूस अपघाताने किंवा विकाराने बांबोळीस दगावला तर तो मृत्यू गावच्या वहीत दिसतच नाही. जो मृत्यू टाळता आला असता, नेमका तोच नजरेआड होतो.

नोंदणीच्या अर्जात मातेचा व मृत व्यक्तीचा नेहमीचा पत्ता लिहावयाचा असतो. तो लिहिलाही जातो. मात्र ‘डिचोली तालुका’ एवढ्यावर भागविले, किंवा कारापूरऐवजी सोयीसाठी ‘साखळी’ असे घातले, तर पुढे त्या पत्त्याचा उपयोग उरत नाही.

दुसरी अडचण गणिताची. समजा, पाच हजार वस्तीच्या गावात वर्षाला ६५ जन्म होतात. त्या वर्षी एकही बालक दगावले नाही तर अर्भकमृत्यूचा दर शून्य. एक दगावले तर दर १५, दोन दगावली तर ३१. एका वर्षी आदर्श ठरलेला गाव पुढच्या वर्षी मागासलेल्या प्रदेशांच्या पंक्तीस बसतो, आणि प्रत्यक्षात गावात काहीच बदललेले नसते. म्हणून लहान गावाचा दर एका वर्षावरून कधीही ठरवू नये. किमान पाच वर्षांचे जन्म व मृत्यू एकत्र घ्यावेत. शाळेतील वरच्या वर्गाच्या मुलांकडून हे उदाहरण फळ्यावर सोडवून घेतल्यास टक्केवारीचा पाठ वाया जाणार नाही.

या प्रश्नाशी इंग्लंडातील शहरे फार पूर्वी झगडली. एडविन चॅडविक यांचा श्रमजीवी वर्गाच्या आरोग्यस्थितीविषयीचा प्रसिद्ध अहवाल १८४२ सालचा. योगायोगाने पणजीचे वैद्यकीय विद्यालयही त्याच वर्षी स्थापन झाले. चॅडविक यांनी मृत्यूसमयीचे सरासरी वय वर्गवार मांडले. मँचेस्टरच्या गिरणगावात प्रतिष्ठित वर्गाचे ते ३८ वर्षे निघाले आणि मजुरांचे १७. रटलंड या शेतीप्रधान परगण्यातील मजुरांचे मात्र ३८. म्हणजे खेड्यातील मजूर आणि शहरातील सुखवस्तू गृहस्थ एकाच तागडीत! सतरा या आकड्याचा अर्थ सर्व मजूर सतराव्या वर्षी मरत असा नव्हे. असंख्य तान्ह्या मुलांच्या मृत्यूंनी ती सरासरी खाली ओढली होती, आणि मँचेस्टरच्या वस्तीत मुलांचे प्रमाणही अधिक होते. वयोरचना न पाहता दोन गावांच्या मृत्यूंची तुलना करू नये, हा धडा त्यातच आहे. म्हाताऱ्यांच्या गावात मृत्यू अधिक होणार, हे उघड आहे. १८४७ मध्ये लिव्हरपूल शहराने विल्यम हेन्री डंकन यांना आरोग्याधिकारी नेमले. त्या देशातील ती पहिलीच नेमणूक.

आज तेथे सरासरी दीड हजार वस्तीचे लहान लहान विभाग पाडून मिळकत, रोजगार, शिक्षण, आरोग्य, गुन्हे, घर व सेवांची उपलब्धता, आणि राहणीचा परिसर या सात अंगांनी प्रत्येक विभागाची वंचितता मोजतात. एकाच शहराच्या दोन टोकांना आयुर्मानात कित्येक वर्षांचा फरक पडतो, हे त्यामुळेच कळते. मोजणी करणारे एक सूचना आवर्जून देतात : वंचित ठरलेल्या विभागातील प्रत्येक कुटुंब वंचित नसते, आणि संपन्न विभागातही काही घरे अडचणीत असतात. वाड्यावर शिक्का मारण्यासाठी ही मोजणी नाही. आपल्याकडे ही सूचना अधिकच आवश्यक आहे, कारण वाड्याच्या नावावरून जात ओळखण्याची सवय अद्याप गेलेली नाही.

आपल्या भागात वंचितता कोणत्या वाटेने शरीरात शिरते, ते पाहू. २०१५ मध्ये सत्तरीत माकडतापाचा उद्रेक झाला आणि काही माणसे दगावली. हा रोग रानातील गोचिडीमुळे होतो. काजूच्या हंगामात जो रानात काजू वेचतो, लाकडे आणतो, पालापाचोळा गोळा करतो, त्यालाच तो गाठतो. बाजारात काजूगर विकत घेणाऱ्याला नाही. खाणींचे उदाहरण गुंतागुंतीचे आहे. डिचोलीच्या रस्त्यांवरून खनिज वाहणारे ट्रक होते तोवर धूळ रस्त्याकाठच्या घरांत बसत असे. २०१२ मध्ये आणि पुन्हा मार्च २०१८ मध्ये खाणी थांबल्या तेव्हा धूळ कमी झाली, पण ट्रकच्या हप्त्यावर आणि खाणीच्या रोजीवर चालणाऱ्या घरांची चूलही मंदावली. एका घराला तो दिलासा होता, शेजारच्या घरावर संकट. तालुक्याची सरासरी काढली की दोन्ही पुसली जातात.

सर्वांत अंधारात राहतात ती परप्रांतीय मजुरांची कुटुंबे. १९८६ नंतर पणजी व परिसरात हिवतापाने उचल खाल्ली, तेव्हा बांधकामावरील मजुरांची रक्ततपासणी आणि आरोग्यपत्र आवश्यक करण्यात आले. उपाय योग्य होता. पण मजुराची नोंद रोग आणणारा म्हणून झाली. रोग सोसणारा म्हणून त्याची नोंद शोधू गेल्यास हाती थोडेच लागते. २०१६ मध्ये सुरू झालेल्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचा लाभ पाच वर्षांचे वास्तव्य असलेल्यांसाठी ठेवण्यात आला. भाड्याच्या खोलीत दोन वर्षे राहिलेल्या कुटुंबाचे मूल त्याच अंगणवाडीत येत असले तरी आजारपणात ते या कवचाबाहेर राहते. सीमेपलीकडची स्थितीही वेगळी नाही. दोडामार्ग-सावंतवाडीच्या रुग्णाला बांबोळी जवळ पडते. २०१८ च्या आरंभी परराज्यातील रुग्णांना तेथे शुल्क लागू झाले तेव्हा दोडामार्गात मोठे आंदोलन झाले. आपल्या रुग्णालयाचा भार हा खरा प्रश्न आहे. परंतु आजारी माणूस सीमा पाहून आजारी पडत नाही, हेही तितकेच खरे आहे.

गावपातळीवर याकरिता मोठा खर्च लागत नाही. अंगणवाडीत प्रत्येक बालकाचे वजन आधीच नोंदले जाते. त्या नावापुढे वाड्याचे नाव लिहिले की पहिला नकाशा तयार होतो. आरोग्यसेविकेच्या वहीत गरोदर मातांची यादी असते. ती पंचायतीच्या जन्मनोंदीशी वर्षातून एकदा ताडून पाहिली, तर किती जन्म बाहेर नोंदले गेले ते कळते. भाडेकरू कुटुंबे या यादीत आहेत का, हे मुद्दाम पाहावे लागेल, कारण बहुधा तीच सुटतात. माणसांची नावे वहीतच राहावीत; ग्रामसभेत केवळ संख्या वाचल्या जाव्यात.

२०२१ ची जनगणना होऊ शकली नाही. नव्या जनगणनेची अधिसूचना जून २०२५ मध्ये निघाली असून तिचा संदर्भदिन १ मार्च २०२७ आहे. प्रगणक दारी येईल तेव्हा मागच्या पडवीतील भाडेकरूचे बिऱ्हाड आणि माडीवर एकटी राहणारी म्हातारी यांची वेगळी नोंद करून घेणे घरमालकाच्या हाती आहे.