घरात कुत्र्याचे पिल्लू आणताना
प्रथमच कुत्रे पाळणाऱ्या कुटुंबांसाठी आरोग्यविषयक माहिती

कुत्र्याचे पिल्लू घरी आणण्याचा निर्णय बहुधा मुलांच्या हट्टाने होतो आणि त्याची जबाबदारी घरातील मोठ्यांवर येते. त्याला काय खाऊ घालावे, कोठे झोपवावे, शी-शूची सवय कशी लावावी, हे शेजारीपाजारी आनंदाने सांगतात. परंतु पिल्लू आल्यानंतरचे पहिले तीन-चार महिने घरातील माणसांच्या आरोग्याच्या दृष्टीने किती महत्त्वाचे असतात, हे क्वचितच कोणी सांगते. ही पत्रिका मुख्यतः त्यासाठी आहे.

पिल्लू साधारणपणे दोन महिन्यांचे असताना घरी येते. रेबीज प्रतिबंधक लस त्याला सामान्यतः तीन महिने पूर्ण झाल्यावर टोचली जाते आणि त्यानंतर शरीरात पुरेशी प्रतिकारशक्ती निर्माण होण्यास आणखी काही आठवडे लागतात. याच काळात त्याचे दुधाचे दात सुईसारखे टोकदार असतात आणि समोर येईल ते चावून पाहणे हा त्याचा स्वभावधर्म असतो. म्हणजे ज्या महिन्यांत पिल्लू सर्वाधिक चावते, नेमक्या त्याच महिन्यांत ते रेबीजपासून सुरक्षित आहे असे गृहीत धरता येत नाही.

“एवढेसे पिल्लू, त्याला कुठला रेबीज?” हा समज आपल्याकडे फार रूढ आहे. तीन महिन्यांखालील पिल्लांना रेबीज होत नाही, असेही अनेक जण खात्रीने सांगतात. दोन्ही समज चुकीचे आहेत. पिल्लाच्या आईला लस दिलेली नसेल आणि घरी येण्यापूर्वी एखाद्या बाधित कुत्र्याने त्याला चावले असेल, तर ते वरकरणी निरोगी दिसत असतानाच रोगाचे विषाणू त्याच्या शरीरात असू शकतात. रस्त्यावर सापडलेल्या पिल्लाचा पूर्वेतिहास तर कोणालाच ठाऊक नसतो. माणसात रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की रुग्ण वाचणे जवळजवळ अशक्य असते. उलट, लक्षणे दिसण्यापूर्वी योग्य उपचार पूर्ण केल्यास हा रोग जवळपास निश्चितपणे टाळता येतो. उपचाराची सारी संधी या मधल्या काळातच असते.

पिल्लू निवडताना

आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू घेऊ नये. कुत्र्यांच्या प्रजनन व विक्रीविषयी २०१७ साली झालेल्या नियमांनुसार अशा पिल्लाची विक्री करण्यास मनाई आहे. आईपासून फार लवकर दुरावलेले पिल्लू दुर्बळ राहते. शिवाय भावंडांशी खेळताना किती जोराने चावावे याचे जे शिक्षण त्याला मिळते, तेही अपुरे राहते. शक्य असल्यास पिल्लाची आई पाहावी व तिच्या लसीकरणाचे कार्ड मागावे. रस्त्यावरचे निराधार पिल्लू घरी आणणे हे चांगलेच काम आहे. मात्र त्याला प्रथम पशुवैद्यकाकडे न्यावे, मुलांच्या मांडीवर त्यानंतर द्यावे.

लस आणि जंत

डिस्टेंपर, पार्वो इत्यादी रोगांवरील एकत्रित लसीची पहिली मात्रा सहा ते आठ आठवड्यांच्या वयात दिली जाते. पुढील मात्रा तीन-चार आठवड्यांच्या अंतराने पिल्लू सुमारे चार महिन्यांचे होईपर्यंत द्याव्या लागतात. हा क्रम पूर्ण होईपर्यंत पिल्लाला रस्त्यावर, बागेत किंवा अनोळखी कुत्र्यांमध्ये सोडू नये. पिल्लाला उलट्या व रक्तमिश्रित जुलाब होऊ लागल्यास पार्वोची शक्यता असते. अशा वेळी घरगुती उपाय करीत एक दिवसही थांबू नये, कारण पिल्लू फार झपाट्याने खालावते. रेबीजच्या लसीच्या पुढील मात्रांची तारीख पशुवैद्यक कार्डावर लिहून देतात. तारीख टळली तर त्या लसीचे संरक्षण टिकून आहे असा भरवसा धरता येत नाही.

जंतांचा प्रश्न माणसांशी अधिक निगडित आहे. गोलकृमी आईच्या गर्भातून व दुधातून पिल्लात येतात. त्यामुळे अत्यंत स्वच्छ घरातून आणलेल्या पिल्लाच्या पोटातही जंत असू शकतात. पोट फुगलेले आणि अंग मात्र रोड, असे पिल्लू दिसले की बहुधा हेच कारण असते. या जंतांची अंडी विष्ठेतून मातीत मिसळतात आणि मातीत खेळणाऱ्या मुलांच्या हातांवाटे पोटात जातात. त्यांपासून निघालेल्या अळ्या मुलांच्या यकृतापर्यंत, क्वचित डोळ्यापर्यंतही पोहोचतात. अंकुशकृमीच्या अळ्या अनवाणी पायाच्या त्वचेतून शिरतात व तेथे खाज सुटून नागमोडी रेषा उमटतात. पिल्लाला जंताचे औषध दुसऱ्या आठवड्यापासून तीन महिन्यांचे होईपर्यंत दर पंधरवड्यास, नंतर सहा महिन्यांपर्यंत दरमहा आणि त्यापुढे साधारण दर तीन महिन्यांनी द्यावे लागते. मात्रा वजनावर अवलंबून असल्याने ती पशुवैद्यकाकडूनच ठरवून घ्यावी. विष्ठा रोजच्या रोज उचलावी. अंगणातील मातीत तशीच पडू देऊ नये.

दात किंवा नख लागल्यास

खेळता खेळता पिल्लाचा दात लागला, नखाचा ओरखडा उमटला, तर प्रथम ती जागा साबण लावून नळाच्या वाहत्या पाण्याखाली पूर्ण १५ मिनिटे धुवावी. पंधरा मिनिटे हा काळ वाटतो त्यापेक्षा बराच मोठा असतो, म्हणून घड्याळ पाहावे. साबणामुळे विषाणू निष्प्रभ होतात व वाहत्या पाण्याने जखमेतून निघून जातात. दवाखाना दूर असलेल्या गावीही हा उपाय तत्काळ करता येतो, आणि त्याचे मोल लसीपेक्षा कमी नाही. त्यानंतर असल्यास जंतुनाशक लावावे. हळद, तिखट, चुना, तेल, मीठ, कॉफीची पूड, झाडपाल्याचा लेप यांपैकी काहीही लावू नये. त्यांनी जखम चिघळते आणि विषाणू आत ढकलले जाण्याची भीती असते. जखम बांधूनही टाकू नये.

यानंतर त्याच दिवशी जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा रुग्णालयात जावे. तेथे डॉक्टर जखमेची वर्गवारी करतात. धड त्वचेला पिल्लाने केवळ चाटले असेल, तर ती जागा धुणे पुरेसे असते. रक्त न येता दात टोचले असतील किंवा किरकोळ ओरखडा असेल, तर लस आवश्यक ठरते. रक्त आले असेल, आधीच्या जखमेवर पिल्लाने चाटले असेल किंवा त्याची लाळ डोळ्यांत वा तोंडात गेली असेल, तर लसीबरोबर जखमेत व तिच्या भोवती रेबीज इम्युनोग्लोब्युलिन टोचावे लागते. लसीचा परिणाम होण्यास काही दिवस लागतात. तेवढ्या अवधीत इम्युनोग्लोब्युलिन जखमेतील विषाणूंना रोखून धरते. त्यामुळे डॉक्टरांनी ते सांगितले असता “नुसती लस द्या” असा आग्रह धरू नये.

त्वचेत टोचण्याच्या पद्धतीत लस पहिल्या दिवशी म्हणजे शून्याव्या दिवशी, नंतर तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी घ्यावयाची असते. स्नायूत देण्याच्या पद्धतीत चौदाव्या दिवसाची एक मात्रा अधिक असते. दोन मात्रा झाल्या, जखम भरली, पिल्लूही ठणठणीत आहे, असे पाहून अनेक जण पुढच्या फेऱ्या परस्पर बंद करतात. मात्रा कमी करावयाची की नाही हे डॉक्टरांनीच ठरवावयाचे असते. गर्भवती व स्तनदा मातांनाही ही लस देता येते. शासकीय रुग्णालयांत ती विनामूल्य मिळते. पोटात चौदा इंजेक्शने घ्यावी लागतील या धास्तीने आजही काही वडीलधारी मंडळी दवाखाना टाळतात. ती जुनी लस आपल्या देशात २००४ च्या अखेरीस बंद झाली असून आताची लस दंडावर दिली जाते. विसाव्या शतकाच्या आरंभी याच उपचारासाठी लोकांना दूरदूरहून हिमालयाच्या पायथ्यापलीकडे कसौलीच्या पाश्चर संस्थेपर्यंत प्रवास करावा लागे.

पिल्लाला लस दिलेली आहे एवढ्या कारणाने दवाखान्यात जाणे लांबवू नये. त्याचे कार्ड मात्र सोबत न्यावे. चावल्याच्या दिवसापासून १० दिवस पिल्लावर लक्ष ठेवावे. ते आजारी पडले, मेले किंवा हरवले, तर डॉक्टरांना लगेच कळवावे. उपचार मात्र पहिल्या दिवसापासून सुरू असावेत. दहा दिवस वाट पाहून मग ठरवू, हा विचार घातक आहे. चावून काही दिवस, किंबहुना काही आठवडे उलटून गेले असतील आणि आता हे वाचून आठवण होत असेल, तरीही आजच डॉक्टरांना भेटावे. लक्षणे दिसण्यास बहुधा एक ते तीन महिने लागतात, कधी त्याहून कमी व कधी अधिकही.

घरातील मुले

मुलांची उंची कमी असल्याने पिल्लू त्यांच्या चेहऱ्याजवळ व हातांजवळ सहज पोहोचते. डोके, चेहरा, मान व हात येथील जखमा अधिक धोक्याच्या असतात. त्यातच मुले ओरखडा लपवतात. आई रागावेल, इंजेक्शन घ्यावे लागेल किंवा पिल्लू परत पाठवतील, ही त्यांची भीती असते. म्हणून पिल्लू घरी येण्यापूर्वीच मुलांना जवळ बसवून सांगावे: “दात लागला तर लगेच सांग. तुला कोणी रागावणार नाही आणि पिल्लालाही कोणी घालवून देणार नाही.” हे वचन पाळावे. एका मुलाला एकदा धपाटा बसला की दुसरा ओरखडा कोणालाही कळत नाही.

पिल्लू जेवत असताना, झोपलेले असताना त्याला हात लावू नये. पाच वर्षांखालील मुलाला पिल्लासोबत एकटे सोडू नये. पिल्लाने बोट धरल्यास हात झटकू नये. झटक्याने त्याला खेळ अधिक रंगल्यासारखा वाटतो. हात सैल सोडून खेळ थांबवावा आणि चावण्यासाठी खेळणे द्यावे. मारू नये. कुत्री असलेल्या घरांतील मुलांना चावा बसण्यापूर्वीच रेबीजची लस देता येते. त्याविषयी बालरोगतज्ज्ञांना विचारावे.

पिल्लाच्या वागण्यातील बदल

रेबीज झालेले कुत्रे पिसाळून धावतेच असे नाही. कित्येकदा ते निमूट होते, अंधाऱ्या कोपऱ्यात जाऊन बसते, आवाज घोगरा होतो, जबडा लोंबतो, लाळ गळते, पाणी गिळता येत नाही. घशात हाड अडकले असावे असे समजून कोणी तोंडात बोटे घालतो, आणि त्याच वेळी संसर्ग होतो. अशी चिन्हे दिसल्यास पिल्लाला एका खोलीत बंद करून पशुवैद्यकास बोलवावे. त्याच्या तोंडात हात घालू नये.

खाणेपिणे व इतर

आठ आठवड्यांच्या पिल्लाला दिवसातून चार वेळा थोडे थोडे खाणे द्यावे. गाईम्हशीच्या दुधाने अनेक पिल्लांना जुलाब होतात. चॉकलेट, कांदा, लसूण, द्राक्षे व मनुका देऊ नयेत. शिजवलेली हाडे मोडून त्यांचे टोकदार तुकडे होतात, तीही नकोत. कच्चे मांस, विशेषतः शेळ्यामेंढ्यांचे फेकून दिलेले आतडे किंवा यकृत, खाल्ल्याने कुत्र्याच्या पोटात असा कृमी वाढतो की ज्याच्या अंड्यांमुळे माणसाच्या यकृतात व फुप्फुसात पाण्याने भरलेल्या गाठी होतात. ताप आल्यास माणसाची पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेनची गोळी पिल्लाला देऊ नये. गोचीड बोटांनी चिरडू नये. चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ ओढावी. पावसाळ्यात पिल्लाची लघवी साफ करताना हातमोजे घालावेत, कारण लेप्टोस्पायरोसिसचे जंतू तीतून पसरतात.

पिल्लू सहा महिन्यांचे झाले की निर्बीजीकरणाविषयी पशुवैद्यकाचा सल्ला घ्यावा. नगरपालिका वा महानगरपालिका क्षेत्रात राहत असल्यास कुत्र्याच्या नोंदणीची चौकशी करावी. अनेक ठिकाणी नोंदणीच्या वेळी रेबीज लसीचे प्रमाणपत्र मागितले जाते. पिल्लाचे कार्ड घरातील मुलांच्या लसीकरण कार्डांसोबतच ठेवावे, म्हणजे रात्री-अपरात्री दवाखान्यात जाण्याची वेळ आली तर शोधाशोध करावी लागत नाही.