ट्रॅक्टर बर्फाच्या हिशोबाने घे

सिरॅक्यूज, न्यूयॉर्क
जुलै महिना

चि. बंड्यास,


घराचे कागद झाले आणि पाच एकर जागा तुझ्या नावावर लागली, हे ताईने फोनवर सांगितलं. पाच एकर म्हणजे दोनशे गुंठे. आपल्या घराण्यात एवढी सलग जमीन कुणाच्या वाट्याला आली नव्हती. खूप आनंद वाटला. आता ती राखायची कशी, ते लिहितो.

तुझ्या पत्रात गवताचे प्रश्न पानभर आहेत. गवत कापायचा डेक किती इंचांचा घेऊ, सीट कशी, पेला ठेवायला जागा आहे का. बर्फाचा प्रश्न शेवटी एका ओळीत, ‘पुढे एक ब्लेड लावलं की झालं ना?’ असा. हा क्रम उलटा कर. गवत चार दिवस वाढलं तर बिघडत नाही. पण सकाळी सहाला गाडी बाहेर निघाली नाही तर सूनबाईची हॉस्पिटलातली पाळी चुकते, आणि रात्री-अपरात्री कुणाला बरं वाटेनासं झालं तर अँब्युलन्स दारापर्यंत येऊ शकत नाही. जे यंत्र बर्फ काढू शकतं ते गवत कापतंच. उलट मात्र होत नाही.

तू आधी राहायचास त्या एडिसनमध्ये बर्फ पडायचा तो तू पाहिला आहेस. इथला निराळा. ओंटारिओ सरोवर खोल आहे, ते हिवाळ्यात सहसा पुरतं गोठत नाही. कॅनडाकडून आलेली कोरडी गार हवा त्या उघड्या पाण्यावरून येते, वाफ उचलते आणि किनारा ओलांडला की तीच वाफ बर्फाच्या रूपात खाली टाकते. सिरॅक्यूजमध्ये सरासरी वर्षाला १२० इंचांच्या आसपास बर्फ पडतो. तू घर घेतलंस ते ऑस्वेगोच्या बाजूला, म्हणजे सरोवराच्या अगदी तोंडाशी. एकाच गावात एका रस्त्यावर ऊन आणि दुसऱ्यावर गुडघाभर बर्फ, असं इथे नेहमी होतं.

आता तुझ्या ड्राइव्हवेचा हिशोब कर. लांबी ३०० फूट, रुंदी १० फूट, खडीचा रस्ता आणि घराजवळ चढ. रात्रीत आठ इंच बर्फ पडला तर तो २,००० घनफूट होतो. हलका, ताजा बर्फ धरला तरी साडेपाच टनांच्या घरात जातो. ओला असेल तर त्याच्या दुप्पट, तिप्पट. शिवाय काउंटीचा बर्फ सारणारा नांगर रस्त्यावरून गेला की तुझ्या फाटकाशी मीठ मिसळलेल्या, दगडासारख्या बर्फाचा बांध घालून जातो. तो तुलाच फोडायचा आहे, आणि उचललेला बर्फ परत सार्वजनिक रस्त्यावर ढकलणं कायद्याने मना आहे. एवढं वजन दर आठवड्याला, कधी दररोज, नोव्हेंबरपासून मार्चअखेरपर्यंत हलवायचं. ट्रॅक्टर निवडताना हा आकडा डोळ्यांसमोर ठेव.

तू मोठ्या दुकानातल्या ज्या तीन यंत्रांचे फोटो पाठवलेस, ती तिन्ही लॉन ट्रॅक्टर आहेत, गार्डन ट्रॅक्टर नव्हेत. दिसायला सारखी, रंग तोच, इंजिनावर २२, २४ हॉर्सपॉवरही लिहिलेली. हॉर्सपॉवर पाहून भुलू नकोस. बर्फ ढकलताना इंजिन क्वचितच कमी पडतं. कमी पडतात ते सांगाडा, मागचा गिअरबॉक्स आणि चाकांखालची पकड. हलक्या लॉन ट्रॅक्टरची चेसिस पातळ पत्रा दाबून केलेली असते. त्यातला हायड्रोस्टॅटिक गिअरबॉक्स सपाट हिरवळीवर माणूस आणि डेक वाहून नेण्यापुरता बनवलेला असतो, आणि बऱ्याच मॉडेलांत त्यातलं तेल बदलायला नटसुद्धा ठेवलेला नसतो. चढावर सतत जोर लावला की ते तेल तापतं, पातळ होतं, आणि पाऊण तासाने पॅडल पूर्ण दाबूनही ट्रॅक्टर रांगायला लागतो. असं दोन हिवाळे झाले की आतले पंप-मोटर झिजतात आणि गिअरबॉक्सची किंमत नव्या ट्रॅक्टरच्या निम्म्याकडे जाते.

फरक ओळखायला विक्रेत्याला विचारायची गरज नाही. टेप घेऊन जा आणि मागच्या चाकाची रिम मोज. ८ इंच असेल तर तो लॉन ट्रॅक्टर, १२ इंच असेल तर बहुधा गार्डन ट्रॅक्टर. मग चाक कसं बसवलंय ते बघ. लॉन ट्रॅक्टरचं चाक आसावर सरकवून टोकाला एक क्लिप लावलेली असते. गार्डन ट्रॅक्टरचं चाक मोटारीच्या चाकासारखं हबवर नट-बोल्टांनी आवळलेलं असतं. वजनही विचार. हलके लॉन ट्रॅक्टर चारशे-पाचशे पौंडांचे, गार्डन ट्रॅक्टर सातशेच्या पुढे. आणि माहितीपुस्तिकेत बर्फाचं ब्लेड, ब्लोअर, जमिनीत घुसणारी अवजारं यांना परवानगी आहे की नाही, ते स्वतः वाच. कंपनी जे छापते ते वॉरंटीला धरून छापते, म्हणून त्यावर भरवसा ठेवायला हरकत नाही.

झीरो-टर्नचा विचार सूनबाईच्या मनात आहे असं कळलं. गवताला त्याच्यासारखं झपाट्याचं यंत्र नाही, हे खरं. पण ते मागच्या दोन चाकांवर वळतं. ओल्या उतारावर आणि बर्फावर ते हाताबाहेर जातं. तुझ्या चढावर तर मी त्याला उभंही करणार नाही.

आता ब्लेड की ब्लोअर. ब्लेड स्वस्त, वेगवान आणि बिघडायला त्यात फारसं काही नाही. लहान, सपाट ड्राइव्हवेला मी तेच सांगितलं असतं. पण ब्लेड बर्फ फक्त बाजूला सारतं. डिसेंबरमध्ये कडेला साठलेला ढीग रात्रीत गोठतो, पुढचा बर्फ त्याला जाऊन थडकतो, आणि रस्ता दर खेपेला अर्धा-अर्धा फूट आवळत जातो. फेब्रुवारीपर्यंत दहा फुटांचा ड्राइव्हवे सात फुटांचा होतो आणि ढकलायला जागा उरत नाही. जिथे वर्षाला ३०-४० इंच पडतो तिथे हे जमून जातं, ऑस्वेगोला नाही. दोन टप्प्यांचा ब्लोअर बर्फ उचलून वीस-तीस फुटांवर फेकतो, कडेला ढीग साचूच देत नाही. चालतो सावकाश, पण मार्चमध्येही रस्ता नोव्हेंबरएवढाच रुंद राहतो. तू ब्लोअरच घे, ४२ ते ५० इंचांच्या दरम्यानचा. दहा फुटांचा रस्ता तीन-चार फेऱ्यांत मोकळा होईल.

खडीसाठी एक गोष्ट लक्षात ठेव. ब्लोअरच्या दोन्ही बाजूंच्या घसरपट्ट्या सुरुवातीला खाली सोडून पातं जमिनीपासून इंचभर वर ठेव, नाहीतर खडी उडून खिडक्या फुटतील. पहिले एक-दोन बर्फ दाबून बसू दे. जमीन गोठली की खालचा थर घट्ट होतो, मग पातं खाली घे. शिअर पिना जास्तीच्या आणून सीटखाली ठेव. दगड अडकला तर ती पिन तुटते आणि गिअर वाचतात. तिच्या जागी साधा बोल्ट कधीही घालू नकोस.

पकडीबद्दल लोक सर्वांत जास्त हयगय करतात. ट्रॅक्टर कितीही दणकट असो, गवताचे गुळगुळीत टायर बर्फावर फिरत राहतात. शिवाय पुढे ब्लोअर लटकला की मागची चाकं हलकी होतात, आणि ओढायचं काम तर तीच करतात. म्हणून दोन्ही मागच्या चाकांना लोखंडी वजनं, मागे वजनाची पेटी आणि चाकांना चेन, हे तिन्ही हवं. चेन दोन कड्यांआड आडवी साखळी असलेली घे. चार कड्यांआडची स्वस्त मिळते, पण दोन आडव्या साखळ्यांच्या मधे टायर घसरतो. काही जण टायरमध्ये पाणी भरून वजन वाढवतात. इथे ते गोठेल. बीटाच्या रसापासून बनवलेला द्रव भरून देणारे दुकानदार आहेत, तो भर. कॅल्शियम क्लोराइड टाळ, त्याने रिम गंजते. डिफरन्शियल लॉक असलेला ट्रॅक्टर मिळाला तर थोडे जास्त पैसे गेले तरी घे. चढावर एक चाक फिरत राहतं आणि दुसरं गप्प बसतं, तेव्हा त्याची किंमत कळते.

गवताचं थोडक्यात सांगतो. ५४ इंचांचा डेक, ताशी चार मैलांचा वेग, वळणं आणि एकावर एक येणाऱ्या पट्ट्या धरून तासाला पावणेदोन एकर होतं. ४२ इंचांच्या डेकने सव्वा-दीडच्या मधे. तीन एकर कापायला अर्ध्या तासाचा फरक पडतो, म्हणजे डेकच्या रुंदीसाठी ट्रॅक्टर निवडण्यासारखं त्यात काही नाही. पाचही एकर हिरवळ करायचा हट्ट मात्र सोड. मागचे दोन एकर गवताळ राहू देत, ऑगस्ट उलटल्यावर वर्षातून एकदा कापून घे. तोवर जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांची पिल्लं उडून गेलेली असतात. घराभोवतीचं गवत मात्र आखूड ठेव आणि मुलांची जायची वाट रुंद काप. इथल्या गोचिडांमुळे लाइम रोग होतो, त्याला हलक्यात घेऊ नकोस. सेप्टिकच्या शोषखड्ड्याची जागा नकाशावर पाहून खुणा रोवून ठेव. तिथे गवत काप, पण हिवाळ्यात तिच्यावरून ट्रॅक्टर नेऊ नकोस आणि तिच्यावरचा बर्फही काढू नकोस. मोकळा बर्फ जमिनीला पांघरूण घालतो, दाबला किंवा काढला की थंडी खालच्या पाइपांपर्यंत उतरते.

नवा की जुना, हे तू विचारलंस. चांगला नवा, जड गार्डन ट्रॅक्टर अवजारांसह दहा हजार डॉलरच्या पुढे जातो. घराच्या हप्त्यांत तो ओढू नकोस. या देशात या यंत्राची परंपरा मोठी आहे. इंटरनॅशनल हार्वेस्टरने १९६१ साली कब कॅडेट काढला, जॉन डिअरने १९६३ साली ११० हे मॉडेल. त्या पिढ्यांतले कितीतरी ट्रॅक्टर अजून काम करतात. जॉन डिअरचं ३१८ हे मॉडेल १९८३ ते १९९२ या काळात निघालं. जाड सांगाडा, हायड्रॉलिक स्टीअरिंग, आणि सुटे भाग आजही मिळतात. शेतकऱ्यांच्या लिलावांत आणि ट्रॅक्टर विक्रेत्यांकडे असे जुने, पण नीट राखलेले ट्रॅक्टर येतात. बघायला जाशील तेव्हा विकणाऱ्याला आधीच सांग, इंजिन गार असू दे. गार इंजिन तुझ्यासमोर चालू करायला लाव, धूर बघ. मग चढावर वीस मिनिटं चालव आणि गिअरबॉक्स कण्हतो का ते ऐक. पुढच्या आसाची पिन ढिली आहे का ते चाक हलवून पाहा. आणि ब्लोअर घेताना त्याचा शाफ्ट, पट्टे, जोडणीचे ब्रॅकेट, उचलायचे दांडे, सगळं सोबत आहे की नाही हे एकेक हाताने मोज. ब्लोअर स्वस्तात मिळतो, हरवलेला ब्रॅकेट मात्र कुठेही मिळत नाही.

याहून मोठा म्हणजे सबकॉम्पॅक्ट. कुबोटाचे बीएक्स, जॉन डिअरचा १०२५ आर, आणि आपले महिंद्रचे लाल ट्रॅक्टरही इथे मिळतात. डिझेल इंजिन, चारही चाकांना ताकद, दीड हजार पौंडांच्या आसपास वजन, उलटल्यास वाचवणारा डोक्यावरचा लोखंडी कमान-दांडा, आणि पुढे लोडर. लाकडं, माती, दगड हलवायचे असतील, पुढेमागे भाजीची मोठी बाग करायची असेल, तर तोच घे आणि दुसरं काही बघू नकोस. फक्त कडाक्यात डिझेल गोठून जेलीसारखं होतं, म्हणून हिवाळी डिझेल आणि इंजिन गरम ठेवणारा हीटर यांची सोय आधी कर. ओल्या हिरवळीवर तो चर पाडतो, हेही खरं. आणि महिंद्र आपला म्हणून घेऊ नकोस. ज्याचा विक्रेता तुझ्या घरापासून अर्ध्या तासावर आहे आणि घरी येऊन दुरुस्ती करतो, त्याचा घे.

आता जे लिहितो ते नीट वाच. ब्लोअरच्या बर्फ फेकणाऱ्या नळकांड्यात ओला बर्फ अडकतो. इंजिन बंद कर, किल्ली काढ, सगळं थांबेपर्यंत थांब, आणि मगही हात घालू नकोस, काठीने साफ कर. इंजिन बंद असलं तरी आतल्या पात्यात ताण उरलेला असतो, अडकलेला बर्फ सुटला की ते फिरतं. इथे दर हिवाळ्यात माणसं बोटं गमावतात. गवत कापताना उतारावर आडवा चालू नकोस, वर-खाली जा, आणि पंधरा अंशांहून जास्त उतार असेल तिथे ट्रॅक्टर नेऊच नकोस. उलटं जाताना पाती बंद ठेव. आणि तुमच्या छकुलीला मांडीवर घेऊन एकही फेरी मारायची नाही. ती रडली, हट्ट केला, फोटो काढायचा असला, तरी नाही. यंत्र चालू असेल तेव्हा ती घरात, आणि सूनबाईच्या नजरेसमोर.

माझं मत विचारशील तर तुझ्या जागेला लोडरची गरज पुढची तीन-चार वर्षं दिसत नाही. जुना जड गार्डन ट्रॅक्टर, ५४ इंचांचा डेक, दोन टप्प्यांचा ब्लोअर, वजनं आणि चेन, एवढं घे. उरलेल्या पैशातून ड्राइव्हवेवर चांगली खडी टाकून घे. ऑगस्टमधले लिलाव बघ. पहिला बर्फ पडला की ब्लोअरच्या किमती चढतात आणि दुकानदारांकडे दुरुस्तीची रांग लागते, म्हणून ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात डेक उतरवून ब्लोअर बसव आणि एकदा चालवून पाहा. खरेदीला जायच्या आधी मला फोन कर, मी येतो.

ताईला नमस्कार, सूनबाईला आणि छकुलीला आशीर्वाद.

तुझा,
मामा