टाकीतल्या माशांना पांढरे ठिपके : आधी मीठ, मग बाटली

माशाच्या शेपटीवर मिठाच्या कणाएवढे पांढरे ठिपके दिसले, तो दगडाला अंग घासू लागला, की पहिली धाव औषधाच्या बाटलीकडे असते. सेलूत हवी ती बाटली मिळाली नाही तर परभणीची गाडी. भाडं, दोन-तीन बाटल्या, मेलेल्यांच्या जागी नवे मासे असं करत हजार रुपये सहज जातात. माझं सांगणं एवढंच, की या रोगावरचा पहिला खर्च किराणा दुकानात करा. (इथले भाव ढोबळ आहेत, दुकानागणिक कमी-जास्त होतील.)

हे ठिपके म्हणजे इक्थिओफ्थिरियस नावाचा एकपेशीय परजीवी. तो माशाच्या कातडीखाली बसून पोसतो. तिथं त्याला औषध पोहोचत नाही. पोट भरलं की गळून तळाच्या खड्यांत जातो, स्वतःभोवती कवच करतो आणि आत एकाचे शेकडो होतात. ही पिल्लं नवा मासा शोधत पाण्यात पोहतात, तेवढ्याच वेळात ती मारता येतात. २५ अंशांच्या आसपास हे चक्र साधारण आठवड्याचं, ३० अंशांना तीन-चार दिवसांचं. म्हणून तिसऱ्या दिवशी ठिपके दिसेनासे झाले तरी उपचार थांबवू नका. सगळ्यात जास्त पैसे तिथंच वाया जातात, कारण खड्यांतली फौज शाबूत असते.

आता हिशेब. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टाकीत काठोकाठ ५६ लिटर पाणी मावतं. खडे आणि वरची मोकळी जागा वजा करून ४५ धरा. लिटरला २ ग्रॅम म्हणजे ९० ग्रॅम जाडं मीठ. किलोला २०–२५ रुपये भाव धरला तर खर्च दोन-सव्वादोन रुपये. मीठ टाकीतल्याच पाण्यात विरघळवून, दीड दिवसात तीन वेळा विभागून घाला. दिवसाआड नळीनं तळाची घाण शोषत १० लिटर पाणी काढा, तेवढंच नवं, क्लोरीन काढलेलं पाणी भरा आणि त्यात फक्त २० ग्रॅम मीठ टाका. उन्हानं आटलेलं पाणी भरताना मात्र मीठ नको. पाणी उडतं, मीठ टाकीतच राहतं. असं दोन आठवडे. लोचसारख्या नाजूक कातडीच्या माशांना निम्मं प्रमाण द्या. खऱ्या वनस्पती आठवडाभर वेगळ्या बादलीत ठेवा, मासा न मिळाल्यानं तिथले परजीवी मरतात.

थंडीत हे चक्र लवकर उरकायला हीटर लागतो. १०० वॅटचा ३०० ते ६०० रुपयांना, थर्मामीटर ५० ते १००. हीटर रोज १२ तास चालला तर १४ दिवसांत जवळपास १७ युनिट. ८ रुपये युनिट धरल्यास १३५ रुपये. पाणी एका दिवसात दोन अंशांहून जास्त चढवू नका, आणि टाकीत हात घालण्याआधी प्लग काढा. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे खोलीतलं पाणी आपणहून तिशीला टेकतं, तेव्हा हीटरचे पैसे वाचवा आणि चार्जिंगवर चालणाऱ्या एअर पंपावर घाला. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. वीज गेलेल्या दुपारी ठिपक्यांआधी गुदमरूनच मासे जातात.

मिठानं चार-पाच दिवसांत काहीच उतार दिसला नाही तर औषध. मिथिलीन ब्लूची छोटी बाटली ५० रुपयांच्या आसपास मिळते, पण ती फिल्टरमधले उपयोगी जीवाणू मारते, म्हणून शक्यतो वेगळ्या टबात वापरा. मॅलाकाइट ग्रीन असलेलं औषध हाताळताना हातमोजे घाला. कुठलंही औषध टाकण्याआधी फिल्टरमधला कोळसा काढा, नाहीतर तो औषधच शोषून घेतो.

प्रत्येक परजीवी मिठाला बधत नाही. अंगातून दोऱ्यासारखा लोंबणारा लर्निया किंवा चपटी, सरकणारी माशांची ऊ अर्गुलस चिमट्यानं काढता येते, पण त्यांच्या पिल्लांसाठी वेगळं औषध लागतं. दुधना नदीच्या पाण्यातून मुलांनी हौसेनं आणलेल्या माशांबरोबर हे पाहुणे येऊ शकतात. ठिपके नसताना मासा धापा टाकत असेल तर कल्ल्यांतले कृमी असू शकतात. त्यावर प्राझिक्वांटेल चालतं, मात्र कुत्र्यांच्या जंतांच्या गोळ्या फोडून टाकू नका. त्यांत बहुधा इतर औषधंही मिसळलेली असतात. अशा वेळी परभणीच्या पशुवैद्यक महाविद्यालयात विचारा. उदगीरला मत्स्यविज्ञान महाविद्यालयही आहे.

मला मनापासून पटलेला खर्च मात्र रोगाआधीचा आहे. २५ लिटरचा प्लास्टिकचा टब २०० रुपये, स्पंज फिल्टर १५०, वेगळी जाळी ३०. नवा मासा तीन आठवडे त्यातच ठेवा. स्पंज आधी महिनाभर मोठ्या टाकीत राहू द्या, म्हणजे त्यात जीवाणू रुजतात. पिशवीतलं दुकानाचं पाणी टाकीत ओतू नका. आणि दुकानाच्या काचपेटीत एकाही माशावर ठिपका दिसला, तर त्याच पेटीतला दुसरा ठणठणीत मासाही घेऊ नका.